दोन वजा मिळून अधिक काऊन होते?

पत्र:

नमस्कार बाई. आमचं नागपुरात नंदनवनला किराणा आणि डेली नीड्सचं लहानसं दुकान आहे, ते मीच बघते. मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्रजीला. पहिल्या घटक चाचणीत तिला गणितात २० पैकी ७ मिळाले. पेपर पाहिला तर पूर्णांक संख्यांची जवळपास सगळी उदाहरणं चुकलेली. त्याच्या आधी दोन आठवडे ती मला विचारून राहिली होती, "आई, दोन वजा मिळून अधिक काऊन होते?" माझी शाळा दहावीला सुटली, मला सांगता आलं नाही. वर्गात विचारलं तर "नियम आहे, पाठ कर" असं उत्तर मिळालं. तिनं पाठ केलं. आता −३ − ५ चं उत्तर ती +८ लिहिते. चूक दाखवली की रडते, म्हणते, "तुम्हीच तर सांगता, दोन वजा म्हणजे अधिक." तिचे बाबा ट्यूशन लावू म्हणतात. ती म्हणते, माझं गणितच कच्चं आहे. काय करू?

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा लेकीच्या त्या वाक्यापाशी थांबले. "तुम्हीच तर सांगता." तिचं बरोबर आहे हो. तिला जे सांगितलं ते तिनं इमानदारीनं वापरलं. सांगणाऱ्यानं अर्धी गोष्ट गाळली आणि मार्क तिचे कापले गेले.

गाळलेली गोष्ट एवढीच, की तो नियम गुणाकाराचा आहे. −३ − ५ मध्ये गुणाकार कुठे आहे? तीन रुपये बाकी होते, वर आणखी पाचची उधारी केली, आठ रुपये बाकी झाले. म्हणजे −८. तुमच्या दुकानात वाढलेली मुलगी हे झोपेतही सांगेल. आज संध्याकाळी विचारून पाहा, पण चिन्हाचं नाव न काढता विचारा: "काकूंचे तीन बाकी होते, आज पाचचा बिस्किटपुडा उधार नेला, आता किती बाकी?" उत्तर आलं की तेच तिच्यासमोर कागदावर चिन्हांत लिहा. मग दोन मिनिटं काही बोलू नका. तिला त्या दोन गोष्टींकडे आळीपाळीनं बघू द्या.

मी ३२ वर्षं सहावी-सातवीला गणित शिकवलं. त्यातली पहिली काही वर्षं मीही फळ्यावर "शत्रूचा शत्रू तो मित्र" लिहून मोकळी होत असे. पोरांना ते लगेच पाठ व्हायचं आणि चाचणीत मार्कही पडायचे. मग एकदा एका मुलीनं −४ − ६ = १० लिहिलं आणि मला शांतपणे समजावलं, "बाई, दोन शत्रू आहेत ना." त्या दिवसापासून मी ती ओळ फळ्यावर लिहिली नाही. शत्रू-मित्राच्या गोष्टीत बेरीज कोणती आणि गुणाकार कोणता हे कळायला काही मार्गच नाही. तीन ऋण संख्यांचा गुणाकार आला, (−२) × (−२) × (−२), की पोरं तिथंच अडकतात, कारण शत्रूच्या शत्रूचा शत्रू कोण हे कुणालाच सांगता येत नाही. पहिल्या दोघांचा गुणाकार +४, त्याला −२ नं गुणलं की −८, एवढंच असतं ते. तुमच्या घरी कुणी ही म्हण शिकवत असेल तर थांबवा.

आता तिचा खरा प्रश्न. तो सोडवायला तुमच्याइतकी चांगली जागा मला दुसरी सुचत नाही, कारण तुमच्या गल्ल्याशेजारी उधारीची वही आहे. पुस्तकांत ऋण संख्या शिकवताना बर्फाळ गावांची तापमानं घेतात. नागपूरच्या पोरांनी मे महिन्यात ४५-४६ अंश सोसलेले असतात, आपल्या गावात पारा शून्याखाली गेलेला त्यांनी कधी पाहिलेला नसतो. उधारी मात्र प्रत्येकानं पाहिलेली असते. आणि "ऋण" हा शब्दच मुळात कर्जाचा आहे. ब्रह्मगुप्तानं इ. स. ६२८ मध्ये भिल्लमालला, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भीनमाळला, धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम लिहिले, तेव्हा त्यानं शब्द वापरले ते हेच: संपत्ती आणि कर्ज. दोन ऋणांचा गुणाकार धन होतो, हेही त्यात आहे. तेव्हा तुमची वही या विषयाला परकी नाही.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट पक्की ठरवून घ्या. हिशोब कुणाच्या बाजूनं बघायचा? काकूंची उधारी तुमच्या दृष्टीनं येणं आहे, म्हणजे तुमच्यासाठी ती धन. काकूंच्या दृष्टीनं तीच देणं, म्हणजे ऋण. हे ठरलं नाही तर दुकानदाराची मुलगी हमखास गोंधळेल, कारण ती तुमच्या बाजूनं विचार करेल. म्हणून तिला सांगा, "आता तू गल्ल्यावर नाहीस. तू काउंटरच्या पलीकडे उभी असलेली काकू आहेस, आणि हे तुझं पान आहे."

त्या पानावर नोंदी दोनच प्रकारच्या. उधारीची नोंद, −५०. जमेची नोंद, +५०. आणि नोंदीचं करता येण्यासारख्या गोष्टीही दोनच. नोंद लिहिता येते, किंवा खोडता येते. गुणाकारातली पहिली संख्या सांगते किती नोंदी, आणि लिहिल्या की खोडल्या. दुसरी संख्या सांगते, नोंद कशाची होती.

काकूंनी तीनदा पन्नास-पन्नासचं सामान उधार नेलं. तीन उधाऱ्या लिहिल्या. ३ × (−५०) = −१५०. इथपर्यंत कुणालाच अडचण येत नाही.

आता दुसरी संध्याकाळ. काकूंच्या पानावर तीनदा पन्नास जमा दिसतात, पण आठवलं की ते पैसे दुसऱ्याच गिऱ्हाइकानं दिले होते. तुम्ही त्या तीन जमा खोडल्या. (−३) × (+५०) = −१५०. काकू दीडशेनं मागे गेल्या. त्यांना वाईट वाटेल, पण हिशोब बरोबर आहे.

आणि आता ती संध्याकाळ, जिच्यासाठी हे सगळं चाललंय. महिनाअखेर. काकू वही बघतात आणि म्हणतात, "अहो, हे ८, ११ आणि १४ तारखेचं पन्नास-पन्नासचं तेल माझं नाही. आम्ही तर गावाला गेलो होतो." तुम्ही आठवता, खरंच, ते वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी नेलं होतं. नाव सारखं, पान चुकलं. तुम्ही लाल पेन घेता आणि काकूंच्या पानावरच्या तीन उधाऱ्यांवर तीन रेघा ओढता. लेकीला त्या क्षणी थांबवा आणि विचारा: "काकूंचं काय झालं? बरं झालं की वाईट?"

बरं झालं. कितीनं? दीडशेनं. तीन नोंदी खोडल्या, म्हणून −३. नोंद उधारीची, म्हणून −५०. (−३) × (−५०) = +१५०.

यावर ती एक शंका काढेल, आणि काढली तर खूष व्हा. "पण काकूंच्या हातात कुणी पैसे कुठे दिले? मग अधिक कसं?" तिला पानाची खालची बेरीज दाखवा. आधी काकूंचे ४०० बाकी होते, −४००. तीन रेघा ओढल्यावर २५० बाकी राहिले, −२५०. काकू अजूनही देणेकरीच आहेत, पण −४०० वरून −२५० वर यायला १५० अधिक व्हावे लागतात. गुणाकाराचं उत्तर काकू किती सरकल्या ते सांगतं. त्या कुठे उभ्या आहेत ते पानाची बेरीज सांगते. हा फरक मोठमोठ्या पोरांच्या लक्षात येत नाही, आणि मग "अधिक म्हणजे हातात पैसे" असा समज करून ती बसतात.

एवढ्यानं बऱ्याच मुलांचं समाधान होतं. पण "काऊन" विचारणारी मुलगी आठवड्याभरानं पुन्हा येईल. म्हणेल, ही गोष्ट तुम्ही उत्तर जुळावं म्हणून रचली. तिचं म्हणणं रास्त आहे. गोष्टीनं पटतं, सिद्ध होत नाही. तेव्हा तिच्यासाठी दुकानातले शंभर शेंगदाणे काढून ठेवा.

वर्तमानपत्र पसरा आणि त्यावर दहा ओळी मांडा, प्रत्येक ओळीत दहा दाणे. ओळी सरळ हव्यात, उभ्याही आणि आडव्याही. आता तिला सांगा, आपल्याला आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत सात दाणे एवढेच ठेवायचे आहेत. उत्तर तिला पाढ्यात माहीत आहे, आठ साती छप्पन्न. पण ते शंभरातून काढून दाखवायचं.

आधी कागदावर करू द्या. दोन ओळी नकोत, दोन ओळींचे दाणे २०. प्रत्येक ओळीत तीन दाणे नकोत, म्हणजे तीन उभ्या रांगा नकोत, त्यांचे दाणे ३०. शंभरातून वीस गेले, तीस गेले, उरले ५०. पण आठ साती छप्पन्न! सहा दाणे कुठे गेले?

आता हातानं. खालच्या दोन ओळी उचलून वाटीत टाकायच्या. वीस दाणे, मोजून. मग उजवीकडच्या तीन उभ्या रांगा उचलायच्या. आणि इथे ती अडखळेल, कारण तीस दाणे निघणारच नाहीत. चोवीसच निघतील. खालच्या दोन ओळी आधीच गेल्यामुळे प्रत्येक उभ्या रांगेत आता दहा नाही, आठच दाणे उरलेत. कोपऱ्यातले सहा दाणे, दोन ओळी आणि तीन रांगा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथले, पहिल्या खेपेलाच वाटीत गेले.

कागदावर मात्र आपण ते सहा दाणे दोनदा वजा केले. एकदा ओळींसोबत, एकदा रांगांसोबत. जे दोनदा कापलं ते एकदा परत द्यावं लागतं. १०० − ३० − २० + ६ = ५६. आता हेच चिन्हांत: (१० − २) × (१० − ३). शंभर आले दहा दाही शंभरातून. −३० आले १० × (−३) मधून, −२० आले (−२) × १० मधून. आणि शेवटचे ते सहा, परत दिलेले, (−२) × (−३) मधून. ते +६ च असायला हवेत. −६ धरले तर ५० मधून आणखी सहा जातील, उत्तर ४४ येईल, आणि आठ साती छप्पन्न हा पाढाच खोटा ठरेल.

ताई, मला या शेंगदाण्यांचं फार महत्त्व वाटतं. नियम कुणीतरी वरून लादलेला नाही, तो बदलला तर तिचा पाठ असलेला पाढा मोडतो, हे तिला स्वतःच्या बोटांनी कळतं. मग हाच प्रयोग कागदावर ९८ × ९७ घेऊन करू द्या. (१०० − २) × (१०० − ३), म्हणजे १०,००० − ३०० − २०० + ६ = ९,५०६. नेहमीच्या रीतीनं गुणून ताळा करायचा. तिनं हे एकदा जमवलं की दुकानात ९७ रुपयांच्या डझनभर पुड्यांचा हिशोबही ती तोंडी करू लागेल, तो तुमचा फायदा.

एखाद्या रविवारी दुकान लवकर बंद करता आलं तर तिला मेट्रोत घेऊन जा. ऑरेंज लाइनवर झिरो माइल स्टेशन आहे, आणि तिथं उतरून जवळच तो दगडी खांब आणि चार घोडे बघता येतात. नागपूरच्या पोरांना संख्यारेषा शिकवायला इतकी नेमकी जागा आहे आणि आपण तिचा वापर करत नाही, याचं मला नेहमी वाटत आलंय. झिरो माइल म्हणजे ०. कस्तुरचंद पार्क +१, गड्डीगोदाम +२, असं करत ऑटोमोटिव्ह चौक +६. दुसरीकडे सीताबर्डी −१, काँग्रेस नगर −२, रहाटे कॉलनी −३, अजनी −४, छत्रपती चौक −५, जयप्रकाश नगर −६. समजा गाडी दर पाच मिनिटांत दोन स्टेशनं पार करते, आणि जयप्रकाश नगरच्याही पुढे असलेल्या खापरीकडे चालली आहे. खापरी ऋण बाजूला, म्हणून वेग −२. आत्ता ती झिरो माइलला आहे. पाच-पाच मिनिटांचे तीन टप्पे झाल्यावर कुठे असेल? जयप्रकाश नगरला. (−२) × ३ = −६. आणि तीन टप्प्यांपूर्वी कुठे होती? खापरीकडे जाणारी गाडी आधी कुठून आली असणार, ऑटोमोटिव्ह चौकातून. (−२) × (−३) = +६. डब्यात बसून, येणाऱ्या स्टेशनांची नावं ऐकत हे केलं की "आधी" म्हणजे ऋण वेळ ही कल्पना सहज बसते. घरी केलं तर तेवढी बसत नाही, हा माझा अनुभव आहे.

भागाकाराची वेगळी चिंता नको. गुणाकार बसला की भागाकार म्हणजे तोच उलटा वाचायचा.

वर्गातलं उत्तर ऐकून तिला वाटलं असेल की आपण वेडगळ प्रश्न विचारला. तिला भास्कराचार्यांची वानरांची गोष्ट सांगा. ११५० च्या सुमाराचे हे गणिती, आणि ऋण गुणिले ऋण म्हणजे धन हा नियम त्यांनीही श्लोकात बांधून दिला आहे. त्यांचं एक कोडं असं: वानरांच्या कळपाचा पाचवा हिस्सा घ्या, त्यातून तीन वजा करा, जे येईल त्याचा वर्ग करा, तेवढी वानरं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. कळपात एकूण किती? उत्तर ५०. पन्नासचा पाचवा हिस्सा १०, उणे तीन ७, साता साती एकोणपन्नास, आणि फांदीवरचं एक. जुळलं. पण ५ हेही उत्तर जुळतं. पाचचा पाचवा हिस्सा १, त्यातून तीन गेले की −२. (−२) × (−२) = ४, आणि फांदीवरचं एक, पाच. नियमानं बरोबर. तरी भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर घेतलं नाही. वानरांच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करताना उणे दोन वानरं येतात, आणि असलं काही लोकांना पटत नाही, असं त्यांनी म्हटलं आहे. ज्यांनी नियम लिहिला त्यांनाही "पण याचा अर्थ काय?" हा प्रश्न सोडता आला नव्हता. तुमची लेक तोच प्रश्न विचारते आहे.

आता ट्यूशन. तिच्या बाबांना सांगा, दोन आठवडे थांबू. ट्यूशनला विरोध नाही माझा, पण आत्ता लावली तर तिला पुन्हा नियमच मिळायची भीती आहे, आणखी मोठ्या आवाजात. रोज दुकान आवरताना दहा मिनिटं द्या, जास्त नको. पहिला आठवडा फक्त काकूंचं पान. शेंगदाणे दुसऱ्या आठवड्यात, आणि ते एकाच बैठकीत उरकायची घाई करू नका, पहिल्या दिवशी "सहा दाणे कुठे गेले" एवढ्यावर सोडून दिलं तरी चालेल. रात्रभर ते डोक्यात राहू द्या. मेट्रो जमेल तेव्हा.

मग एका संध्याकाळी तिला ही चार उदाहरणं एकाखाली एक लिहून द्या: −३ − ५, (−३) × (−५), −३ + ५, ३ × (−५). उत्तरं लगेच मागू नका. आधी प्रत्येकाची काकूंच्या पानावरची गोष्ट सांग म्हणा. पहिल्यात काकूंनी काय केलं? दुसऱ्यात तुम्ही काय खोडलं? गोष्ट बरोबर आली की उत्तर चुकत नाही. गोष्ट अडली तर नेमकं कुठे अडतंय ते तुम्हाला लगेच दिसेल, आणि मग हवं तर ट्यूशनच्या सरांना तेवढंच नेमकं सांगता येईल.

चारही जमली की तो घटक चाचणीचा पेपर कपाटातून काढा. २० पैकी ७ वाला. तुमचं उधारीच्या वहीचं लाल पेन तिच्या हातात द्या, आणि तो पेपर तिलाच तपासू द्या.